धोंड्याला दिलेलं गेट

दाजींची मोटार पहिल्यांदा माझ्या गॅरेजसमोर थांबली तेव्हा मी हात पुसत उजव्या दाराशी गेलो, खाली वाकलो आणि "या दाजी" म्हणालो. आत अक्का बसलेली. "मी तुला दाजी वाटायले का रे?" असं म्हणून ती पोट धरून हसली. दाजी डाव्या बाजूला होते आणि स्टेअरिंगही तिकडंच होतं. आखातातून आणलेल्या मोटारी तशाच असतात हे ऐकून ठाऊक होतं, पण हुमनाबादला तोवर तसली एकही बघितली नव्हती. मी तिशीचा, दहा वर्षं लॉऱ्या खोलून बसवणारा मिस्त्री, आणि ड्रायव्हर कुठं बसलाय हेच मला कळलं नाही. आजूबाजूचे ड्रायव्हर-क्लीनर फिदीफिदी हसले. त्या दिवसापासून त्या मोटारीनं मला स्वस्थ म्हणून बसू दिलं नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक. लग्नानंतर वर्षभरातच ते दुबईला गेले. आमच्याकडं आखातातलं कुठलंही गाव म्हणजे दुबईच. तिथं एका कंपनीच्या वर्कशॉपात अकरा वर्षं काढली. दोन वर्षांनी एकदा चाळीस दिवसांसाठी यायचे, अत्तर आणि टेप वाटायचे आणि जायचे. अक्का निर्ण्याला सासरच्या घरात, सासू-सासऱ्यांचं करत राहिली. मूलबाळ झालं नाही. सासू-सासरे एकापाठोपाठ एक गेले तेव्हा दाजी कायमचे म्हणून परत आले आणि अकरा वर्षांतली त्यांची सगळी हौस म्हणजे ही मोटार. जपानी, पांढरी, टर्बोवाली. बॉनेट उघडून मी अर्धा तास कार्बोरेटर शोधत होतो. "न्हाई त्याला कार्बोरेटर," दाजी शांतपणे म्हणाले. मग आधी नाही का सांगायचं माणसानं!

टर्बो म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. इंजिनातून जो धूर जोरात बाहेर पडतो तो एका चक्राला फिरवतो, त्याच दांड्यावर दुसरं चक्र असतं, ते बाहेरची हवा इंजिनात कोंबतं. हवा जास्त, तर पेट्रोल जास्त, ताकद जास्त. ताकद वाढली की धूर वाढतो, धूर वाढला की चक्र आणखी जोरात फिरतं. हे कुठंतरी आवरावं लागतं, नाहीतर इंजिन फुटतं. म्हणून टर्बोच्या पोटातच एक झडप असते. दाब ठरलेल्या हद्दीला पोचला की झडप उघडते आणि जादा धूर चक्राला चुकवून सरळ सायलेन्सरकडं निघून जातो. दाब दाखवायला समोर एक काटा, त्यावर लाल रेघ.

दाजींच्या मोटारीची ही पोटातली झडप बिघडली होती. तिच्या बैठकीला तडा गेलेला आणि दांडी अर्ध्यात अडकलेली. त्यामुळं जोर दिला की काटा लाल रेघ ओलांडून पलीकडं जायचा आणि इंजिनातून खडखड आवाज यायचा, पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यागत. त्यात आमचं इथलं पेट्रोल हलकं आणि चैत्र-वैशाखाचं ऊन. असं चाललं तर पिस्टन जायला दोन महिने पुरे झाले असते.

"तिकडं शौकीन लोकांच्या मोटारीला ही झडप बाहेर असतेय," दाजी म्हणाले. "बाहेरचं गेट म्हणायलेत त्याला. टर्बोच्या आधीच पाइप फोडायचा, तिथं मोठी झडप बसवायची. तुम्ही बसवू शकाल का पाव्हणं?"

"बघू की दाजी," मी म्हणालो. जावयाला नाही कुठं म्हणायचं असतं?

दाजी समोरच्या हॉटेलात चहाला गेले तेव्हा अक्का माझ्याजवळ आली. तिचा आवाज एकदम खाली गेला.

"कंपनीचं पत्र आलंय रे. परत या म्हणायलेत. दसऱ्यापस्तोर जागा राखून ठेवत्यात म्हणे. ह्यांनी ते पत्र खिशातच ठेवलंय. रोज काढतेत, वाचतेत, परत ठेवतेत. शेतात मन न्हाई, गावात बसत न्हाईत, देवळात जात न्हाईत. ह्या मोटारीबिगर त्यांचा जीव कशातच न्हाई. ही नीट राहिली तर राहतेत बघ."

"आणि न्हाई राहिली तर?"

"तर मी पुन्हा आपली चाळीस दिवसांची बायको," अक्का म्हणाली आणि बॉनेटवरची धूळ पदरानं पुसायला लागली.

झालं! एवढं एक ओझं माझ्या डोक्यावर ठेवून ती मोटारीत जाऊन बसली. आता तुम्हीच सांगा, मिस्त्रीनं इंजिन दुरुस्त करायचं का बहिणीचा संसार?

जाण्याआधी दाजी म्हणाले, "बसा मागं, एक चक्कर मारू, आवाज ऐका." मी मागं बसलो. सोलापूरच्या दिशेनं रस्ता माळावरून सरळ जातो, तिथं त्यांनी मोटार सोडली. दोघं रोज संध्याकाळी ऊन उतरलं की अशीच निघायची म्हणे. पुढं ऊस भरलेली एक लॉरी आडवी आली. डावीकडं बसलेल्या माणसाला लॉरीच्या पलीकडचं काय दिसणार? नुसता ऊस. तेव्हा अक्कानं काय केलं, उजव्या खिडकीतून मान बाहेर काढली आणि ओरडायला लागली, "थांबा... थांबा... एक बस यायलीय... थांबा... जाऊ द्या!" ती "जाऊ द्या" म्हणाली की दाजींनी पाय दाबला. बघितलं नाही, विचारलं नाही. पाठ सीटला चिकटली माझी. काटा लाल रेघेच्या पार गेला, इंजिन खडखडलं आणि लॉरी मागं पडली. मी सगळ्या देवांची नावं घेतली. अक्काकडं बघितलं तर तिनं दाराची मूठ घट्ट धरलेली, बोटं पांढरी पडलेली आणि दात आवळलेले. माझ्या मनात आलं, किती भ्यायलीय बिचारी, आणि नवऱ्यापुढं बोलतही नाही. ती मूठ माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

त्यानंतरचे पंधरा दिवस माझे कसे गेले ते माझं मला ठाऊक. गोष्ट अशी होती की गेट बसवायचं तर टर्बोला धूर पोचवणारा जो बिडाचा जाडजूड तुकडा असतो त्याला भोक पाडून पाइप वेल्ड करावा लागणार. बीड म्हणजे हट्टी धातू. वेल्डिंगचा ताप सोसला नाही तर काचेसारखा तडकतो. तो तुकडा तडकला तर दुसरा कुठून आणायचा? हैद्राबादेत नाही, मुंबईत नाही. मोटार तिथंच संपली, आणि दाजी निघाले दुबईला. न बसवावं तर इंजिन खडखडून मरणार, तरी दाजी दुबईलाच. टर्बोच काढून टाकावा तर मोटार सुखरूप, पण मी नुसतं सुचवलं तर दाजी म्हणाले, "मग बैलगाडी काय वाईट हाय पाव्हणं?" इकडं आड तिकडं विहीर. कामात लक्ष लागेना. एका लॉरीचं ऑइल बदलताना खालचा नट बसवायचा विसरलो आणि वरून नवं ऑइल ओतत राहिलो. ते सगळं जमिनीवर. लॉरीवाला म्हणाला, "मिस्त्री, दुकानाला वंगण घालायलास का?" असा राग आला! पण कुणावर काढणार?

सकाळी वाटायचं बसवावं, दुपारी वाटायचं नको. बसवावं म्हटलं की ते बीड तडकल्याचा आवाज कानात यायचा, आणि नको म्हटलं की चाळीस दिवसांची बायको आठवायची.

शेवटी मी गावाकडं गेलो, अप्पांकडं, म्हणजे वडिलांकडं. अप्पा शेतकरी, मोटारीतलं त्यांना ओ का ठो कळत नव्हतं, पण आमच्या रानाच्या वर एक लहान तळं होतं आणि त्याची देखभाल त्यांनी जन्मभर केली होती. मी त्यांना टर्बो समजावला. ते तंबाखू मळत ऐकत होते.

"म्हंजे सांडवाच की रे," अप्पा म्हणाले. "जादा पाणी काढून द्यायचं."

"व्हय. पण ह्याचा सांडवा पोटातच हाय, आणि तोच तडकलाय."

"मग ते चुकलंच. तळ्याचा सांडवा बांधात कोण काढतंय? बांध पडला मातीचा. जोराचं पाणी त्याच्यावरनं गेलं की बांधच जातोय. सांडवा काढायचा बाजूला, खडकात. जोर झाला की पाणी तिकडनं जातंय आणि बांधाला कळतबी न्हाई."

मी टुणकन उठलोच. हे इतकं सरळ होतं आणि मी पंधरा दिवस डोकं आपटत होतो! मी चप्पल घातली तेव्हा अप्पांनी मागून हाक मारली.

"आणि ऐक, सांडव्याची पातळी लई खाली धरू नगो. तळं भरूच दिलं न्हाई तर खालचं रान काय पिणार?"

"व्हय, व्हय," म्हणून मी निघालो. पहिलं वाक्य मी जन्मभरासाठी ऐकलं आणि दुसरं वाक्य त्या वेळी कानाआड केलं.

गुलबर्ग्याला एक म्हातारे उस्ताद होते. लेथ आणि वेल्डिंगचं दुकान. शहाबादकडच्या खाणींतली मोडकी परदेशी यंत्रं त्यांच्याकडं भंगारात यायची, त्यामुळं जगातलं सगळं त्यांच्या दुकानाच्या कोपऱ्यात सापडायचं. मी खोलून नेलेला तो बिडाचा तुकडा आणि झडपेचं चित्र त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, कोपऱ्यात हात घातला आणि एका मोठ्या डंपरच्या इंजिनाची तसलीच झडप काढून पुढं ठेवली. मूठभर जाडीची स्प्रिंग, खाली छत्रीसारखी झडप, वर स्प्रिंग आवळायला स्क्रू आणि तो जाम करायला नट.

"लगा देता मियाँ," उस्ताद म्हणाले, "मगर ये बीड हय. जल्दी नक्को. तुम जल्दी करे तो मैं नै करता."

त्यांची एक रीत होती. बिडाचा तुकडा कोळशाच्या भट्टीत लाल होईपर्यंत तापवायचा, तशा तापल्या अंगानंच वेल्ड करायचा, आणि मग गरम राखेत पुरून दोन दिवस हात लावायचा नाही. कुणी काही म्हणो. मी तिथंच बाकावर बसून राहिलो. दर तासाला उठून त्या राखेच्या ढिगाकडं बघायचो. "अंडा नै हय मियाँ, बच्चा नै निकलता," असं म्हणून उस्ताद मला परत बसवायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी तुकडा काढला, रॉकेलमध्ये बुडवला, खडूची पूड लावली. तडा असला तर रॉकेल झिरपून खडूवर ओली रेघ उमटते. आम्ही दोघं खडूवर डोळे लावून बसलो. खडू पांढराशुभ्र राहिला. मी त्या म्हाताऱ्याचे पायच धरले.

मग झडप किती दाबाला उघडायची ते ठरवायचं. शेजारी पंक्चरवाल्याच्या दुकानातून नळी ओढली, टायरचा गेज लावला, झडपेला हवा दिली. "लाल रेघ म्हणजे दहा पौंड," दाजींनी मला बजावून सांगितलं होतं. "पलीकडं नको, पण रेघेला काटा टेकला पाहिजे बरं का पाव्हणं. एवढं बघा." उस्तादांनी स्क्रू फिरवत फिरवत बरोबर दहाला झडप उचलेल असं करून दिलं.

तो अधिक महिना होता, अधिक ज्येष्ठ. आमच्यात अधिक महिन्याला धोंड्याचा महिना म्हणतात. लेक-जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करायचे, तेहतीस अनारसे ताटात घालून वर दिवा लावून जावयाला वाण द्यायचं, कपडे करायचे. जावई त्या दिवशी साक्षात नारायण. अकरा वर्षांत चार धोंडे आले आणि गेले, चारही वेळा जावई समुद्रापलीकडं. आईनं चारही वेळा अनारसे केले आणि देवापुढं ठेवले. आता पहिल्यांदाच जावई ताटावर बसणार म्हणून तिचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. तिनं दाजींना विचारलं, काय करावं तुम्हाला, धोतरजोडी का अंगठी? दाजी हसून म्हणाले, "मामी, मला काही नको. ते गेट द्या. तेच माझं वाण."

आईनं खरंच तसं केलं. तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे, मधोमध डंपरची ती झडप, तिला हळद-कुंकू लावलेलं. आम्ही सगळे हसलो. दाजींनी ताट दोन्ही हातांनी घेतलं आणि कपाळाला लावलं. अप्पा म्हणाले, "धोंड्याचं वाण हाय. दिलेलं परत घेत न्हाईत आणि घेतलेलं मोडत न्हाईत." लोक म्हणायचे तेच वाक्य त्यांनी म्हटलं. कुणी त्याकडं फार लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी गॅरेजात गेट बसवलं. आणि इथं मी एक गोष्ट केली. सगळं जोडून झालं, दाजी हॉटेलात होते, अक्का घरी. माझ्या हातात पाना होता आणि डोळ्यांपुढं ती दाराची मूठ. मी स्वतःशी म्हटलं, दहा पौंड म्हणजे पुन्हा तेच, लॉरीपलीकडं झेप, पांढरी पडलेली बोटं. सहा पुरे की. इंजिनही वीस वर्षं टिकेल, मोटार जगेल, दाजी राहतील, अक्काही सुखानं बसेल. पेट्रोलही हलकं आहे, कुणी विचारलं तर सांगायला तेवढं कारण होतंच. विचारावं का दाजींना? जावयाला तोंडावर कसं सांगणार की तुमच्या चालवण्याला माझी बहीण भितेय? अक्काला विचारावं का? ती नवऱ्याविरुद्ध बोलणारच नाही. असं सगळं माझ्या मनानंच ठरवलं. नट सैल केला, स्क्रू तीन फेरे उलटा फिरवला, नट पुन्हा जाम केला आणि आम्ही लॉऱ्यांना करतो तसा नट आणि बॉडी यांच्यावरून तांबड्या रंगाचा एक फराटा ओढला. कुणी छेडलं तर रेघ तुटते आणि मिस्त्रीला कळतं.

दाजी आले, बसले. अक्काही घरून येऊन बसली. मी मागं. माळावर पोचलो. लॉरी आली, अक्कानं मान बाहेर काढली, "थांबा... जाऊ द्या!" दाजींनी पाय दाबला. मोटार गेली, पण निवांत गेली. खडखड नाही, हिसका नाही. काटा लाल रेघेच्या अलीकडं येऊन थांबला आणि तिथंच राहिला. दाजींनी काट्याकडं बघितलं, आरशातून माझ्याकडं बघितलं.

"हिकडची हवा जड हाय ना दाजी," मी बोललो. कुठून सुचलं देव जाणे. "काटा कमीच दाखवणार."

"व्हय का?" दाजी म्हणाले. अकरा वर्षं वर्कशॉपात काढलेला माणूस! काट्याच्या काचेवर टिचकी मारून म्हणाले, "लई ब्येस झालं पाव्हणं. आवाज गेला."

अक्कानं मान आत घेतली आणि काच वर केली. मला वाटलं, सुटली बिचारी. त्या दिवशी मी इतका निवांत झोपलो की बायकोला मला पाणी मारून उठवावं लागलं.

पण पुढच्या दोन महिन्यांत मला काहीतरी खटकायला लागलं. आधी रोज संध्याकाळी माझ्या गॅरेजसमोरून हॉर्न वाजवत जाणारी मोटार दोन दिवसांआड दिसायला लागली, मग आठवड्याला. श्रावणात मी निर्ण्याला गेलो तर ती दारात गोणपाट पांघरून उभी. दाजी ओट्यावर बसलेले, खिशातलं पत्र हातात. "बिघडली का काय?" मी विचारलं. "न्हाई न्हाई," ते म्हणाले, "एकदम ठणठणीत हाय. तुमचं काम म्हंजे काम हाय." मी परत येताना वाटभर विचार करत होतो. मोटार ठणठणीत, मग दाजी असे का? गोणपाट का? सांगावं का त्यांना, की दाजी, स्क्रू मीच सैल केला, आवळून देतो? दोनदा निघालोही सांगायला. पण इतक्या दिवसांनी सांगायचं म्हणजे धोंड्याच्या ताटात खोटं वाढलं असं कबूल करायचं. आई-अप्पांना काय वाटेल, दाजींना काय वाटेल! जाऊ दे, म्हटलं, दसऱ्यानंतर बघू. लाज माणसाला काय काय करायला लावते.

दसऱ्याआधी आठ दिवस दाजी निघाले. हुमनाबादच्या स्टँडवर मी मुंबईच्या गाडीत त्यांची पेटी चढवली. अक्का खाली उभी होती, रडली नाही, नुसती बसच्या पायरीकडं बघत होती. दाजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "गेट एक नंबर झालंय पाव्हणं. शंभर वर्सं टिकंल," म्हणाले. बस सुटली. अक्का म्हणाली, "चल, मला निर्ण्याची गाडी बघून दे." एवढंच.

मोटार बंद राहिली की बॅटरी बसते, म्हणून मी पंधरा दिवसांनी निर्ण्याला गेलो. बॉनेट उघडलं आणि सवयीनं पहिली नजर गेली ती गेटाच्या नटाकडं. मी आणखी खाली वाकलो. नटाचे कोपरे पान्यानं घासून चकाकत होते. फराटा जागच्या जागी होता, पण अखंड नव्हता. तुटलेला होता आणि तुटलेली दोन्ही टोकं नीट जुळवून समोरासमोर आणलेली होती. कुणीतरी नट सोडला होता, आवळला होता आणि परत बरोबर माझ्या खुणेवर आणून ठेवला होता. ही नजर, हा हात एका माणसाचाच.

अक्का पाण्याचा तांब्या घेऊन आली. मी त्या नटाकडं बोट दाखवलं. तिनं बघितलंही नाही.

"ठाऊक हाय मला," ती म्हणाली. "चारच दिवसांत कळलं त्यांना. तीन फेरे ढिला हाय म्हणले. आवळला. त्या दिवशी आमी हायवेनं पार लांब गेलो. काय पळाली रे! काटा बरोबर रेघेला टेकला, आवाज न्हाई, काही न्हाई. येताना ते गाणं म्हणत होते. अकरा वर्सांत मी त्यांचं गाणं ऐकलं नव्हतं. आणि दुसऱ्या दिवशी बघते तर पुन्हा ढिला करत बसलेत. कामून म्हणून विचारलं तर बोलेनात. जायच्या आदल्या दिवशी सांगितलं. म्हणले, तुझा भाऊ उगं कशाला ढिला करंल? तूच सांगितलं असशील. तुला भ्या वाटतंय माझ्या बाजूला बसायला आणि तोंडानं सांगवत न्हाई. त्यानं तुझ्यासाठी ढिला केला, आणि वर धोंड्याचं वाण, ते मी कसं मोडू?"

"तू सांगितलं न्हाईस त्यांना, की..."

"घसा फुटंपर्यंत सांगितलं! शपथ घेतली. हसले निस्ते. म्हणले, भावाला उघडं पाडायचं न्हाई म्हणून तू असंच म्हणणार."

काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "पण अक्का, तू भीत होतीस ना गं? मी बघितलं ना मागं बसून. दाराची मूठ किती घट्ट धरली होतीस."

तिनं तांब्या खाली ठेवला आणि माझ्याकडं असं बघितलं की तसं तिनं लहानपणी मला मारतानाही कधी बघितलं नव्हतं.

"मूठ न्हाई धरली तर मान बाहेर कशी काढायची रे? पडले नसते का मी? त्यांना काही दिसायचं न्हाई. मी जाऊ द्या म्हणले की ते जायचे. अकरा वर्सं मला कुणी काही विचारलं नव्हतं, आणि ह्या मोटारीत मी म्हणंल तसं व्हायचं. मी कशाला भिऊ?"

मी पिशवीतून पाना काढला. तीन फेरे, दुसरं काय करणार होतो. अक्कानं माझा हात बाजूला केला, बॉनेट खाली ओढलं आणि गोणपाट पुन्हा वर घातलं.

"धोंड्याचं हाय," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे आता." आणि तांब्या उचलून आत गेली.